अस्वस्थ चित्राशेजारची पाटी

बेल्जियन चित्रकार रने माग्रितचं 'द लव्हर्स' मी पहिल्यांदा पाहिलं ते एका जाडजूड पुस्तकात. एक पुरुष आणि एक स्त्री चुंबन घेताहेत आणि दोघांचीही डोकी पांढरट कापडात पूर्ण गुंडाळलेली आहेत. कापडाच्या चुण्या मानेवरून ओघळल्या आहेत. ओठ ओठांना लागतच नाहीत, कापडाला कापड लागलंय. ते पान उलटवत नव्हतं आणि त्याकडे बघवतही नव्हतं. मग नजर खाली गेली. तिथे चार ओळींची टीप होती. चित्रकार तेरा वर्षांचा असताना त्याच्या आईने नदीत जीव दिला, मृतदेह सापडला तेव्हा तिच्या अंगातला झगा तोंडावर गुंडाळला गेलेला होता, चित्रातलं कापड तिथून आलं. वाचलं आणि मला हायसं वाटलं. 'असं आहे होय!' म्हणून मी पान उलटलं.

त्या हायसं वाटण्याने मला पुढे बरीच वर्षं छळलं. चित्राने ज्या अवघड जागी उभं केलं होतं, तिथून त्या चार ओळींनी मला अलगद उचलून बाहेर आणून ठेवलं. आज कलासंग्रहालयांत, पाठ्यपुस्तकांत, फोनच्या पडद्यावर अस्वस्थ करणारी चित्रं आपल्यासमोर येतात ती बहुतेक वेळा अशीच, अर्थाची पुरचुंडी शेजारी बांधून. ही पद्धत बदलायला हवी असं माझं मत आहे. निदान अतिवास्तववादी, म्हणजे स्वप्नात दिसावीत तशी दृश्यं मांडणाऱ्या, चित्रांच्या बाबतीत तरी शेजारच्या पाटीवर नाव, साल आणि माध्यम एवढंच असावं. खुलासा ज्याला हवा त्याला जरूर मिळावा, पण दालनाच्या दुसऱ्या टोकाला, चित्र पाहून झाल्यावर. आणि तो खुलासा चित्राच्या भाववृत्तीला, म्हणजे चित्र जी भावना जागवतं तिला, उत्तरदायी असावा. ही शेवटची अट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, म्हणून आधी तिच्याबद्दल.

माग्रितच्या आईने, रेजिनाने, १९१२ साली बेल्जियममधल्या सांब्र नदीत जीव दिला हे खरं आहे. चेहऱ्यावरच्या झग्याची गोष्ट मात्र तितकी पक्की नाही. मुलाने ते दृश्य स्वतः पाहिलं होतं का, याबद्दल अभ्यासकांना शंका आहे, आणि आपल्या चित्रांची अशी मनोविश्लेषणात्मक उकल खुद्द माग्रितला आवडत नसे. पण वादापुरतं सगळं खरं मानू. तरी त्यातून उलगडतं काय? तिथे एका मृत स्त्रीचा चेहरा झाकला गेला होता. इथे माणसं दोन आहेत, दोघंही जिवंत आहेत आणि एकमेकांच्या ओढीने जवळ आली आहेत. पुरुषाच्या अंगात सूट आहे, गळ्यात टाय आहे. वर छताची नक्षीदार कडा दिसते, म्हणजे ही कुठलीशी नीटनेटकी, राहती खोली आहे. टिपेने त्यातलं कापड तेवढं उचललं आणि बाकीचं चित्र होतं तिथेच टाकून दिलं.

आता भाववृत्तीपासून सुरुवात करून पाहा. पहिल्या क्षणी छातीत धस्स होतं. गुदमरणं, फाशी, प्रेतावरचं वस्त्र असं काहीबाही मनात येतं. थोडं थांबलं की लक्षात येतं, भीती आपल्याला वाटतेय, त्यांना नाही. त्यांच्या खांद्यांत ताण नाही, कसली धडपड नाही. म्हणजे एक तर आपल्या तोंडावर कापड आहे हे त्यांना ठाऊकच नाही, किंवा ठाऊक आहे आणि ते त्यांना चालतं. या दोहोंतलं अधिक भयंकर काय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आणखी एक गोष्ट मला फार उशिरा दिसली. चौकट खांद्यांच्या जरा खाली संपते आणि दोघांचेही हात कुठेच दिसत नाहीत. ते कापड ओढून काढू शकेल असं चित्रात काहीच नाही. हे ध्यानात आलं तेव्हा भीती थोडी मागे सरकली आणि तिच्या जागी त्या दोघांबद्दलची कणव येऊन बसली.

हे चित्र न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. त्याच वर्षी, १९२८ मध्ये, माग्रितने याच नावाचं आणखी एक चित्र रंगवलं, ते कॅनबेऱ्याच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यात अशीच झाकल्या डोक्यांची जोडी हिरव्या, मोकळ्या निसर्गासमोर डोक्याला डोकं टेकवून आपल्याकडे तोंड करून आहे, सहलीला गेल्यावर फोटोसाठी उभं राहावं तशी. तिथे मला कणव वाटत नाही. तिथे मला आपल्यावर कुणीतरी नजर रोखल्यासारखं वाटतं आणि ते डोळे मात्र सापडत नाहीत. कापड तेच, वर्ष तेच, आई तीच. किल्ली खरी असती तर दोन्ही कुलपांमागे एकच खोली निघायला हवी होती.

इथे कुणी म्हणेल, मग ज्याला जे वाटेल तो अर्थ. हे मला मुळीच मान्य नाही. 'कला म्हणजे ज्याची त्याची अनुभूती' हे वाक्य दिसायला उदार आहे, पण त्यानेही चित्राकडे पाहण्यापासून सुटकाच होते. भाववृत्ती पाहणाऱ्याच्या मनात आपोआप उगवत नाही. ती घडवलेली असते, आणि कशातून घडवली आहे हे बोट ठेवून दाखवता येतं.

जॉर्जो दे किरिको हा अतिवास्तववाद्यांच्या आधीचा, त्यांनी ज्याला गुरुस्थानी मानलं असा चित्रकार. त्याचं १९१४ सालचं 'रस्त्याचं गूढ आणि विषाद' हे चित्र घ्या. कमानींच्या इमारती, उन्हाचा पिवळा रस्ता, लोखंडी कडं फिरवत धावणारी एक लहान मुलगी, आणि समोर इमारतीच्या आडून रस्त्यावर पडलेली कुणाची तरी लांब सावली. सावलीचा धनी दिसत नाही. एवढं वाचूनच कुणी म्हणेल, मुलीवर संकट आहे म्हणून चित्र भीतिदायक आहे. पण ही गोष्ट नुसती शब्दांत सांगितली तर काटा येत नाही, चित्रात येतो. कारण किरिकोने तो रस्ताच वाकवला आहे. डावीकडच्या उजळ इमारतीच्या रेषा लांबवत नेल्या तर त्या एका जागी मिळतात आणि उजवीकडच्या काळोख्या इमारतीच्या दुसऱ्याच जागी. मधे उभी असलेली, दारं सताड उघडी टाकलेली रिकामी गाडी या दोन्हींशी फटकून आहे. डोळा एका रस्त्यावर उभं राहायला जातो आणि तिथे एकमेकांशी न जुळणाऱ्या अनेक जागा असतात. पायाखालची जमीन हलल्यासारखं वाटतं ते त्यामुळे. ज्याला यथार्थदर्शनाचा, म्हणजे सपाट चित्रात खोली दाखवण्याच्या शास्त्राचा, य माहीत नाही, त्यालाही वाटतं. ती मुलगी अशा रस्त्यावरून धावतेय जो कुठेच जाऊन पोचत नाही. आता या चित्राचा अर्थ सांगायचा असेल तर तो या वाकलेल्या रस्त्यातून आला पाहिजे. 'बालपणाचा अंत' असं लेबल लावून चालणार नाही, कारण ते लेबल सरळ रस्त्यावरच्या मुलीलाही चिकटलं असतं.

माग्रितचा मार्ग याच्या उलट. त्याच्या चित्रात रेषा बिनचूक असतात. त्याने उमेदीच्या काळात वॉलपेपरची नक्षी आणि जाहिराती केल्या होत्या, आणि तो सपाट, सभ्य, कुठेही आवाज न चढवणारा हात त्याने पुढेही सोडला नाही. १९२७ सालच्या त्याच्या एका मोठ्या चित्रात कोचावर स्त्रीचं प्रेत पडलंय, तोंडातून रक्त आलंय, आणि शेजारी कोट घातलेला माणूस शांतपणे ग्रामोफोनकडे कान लावून उभा आहे. बाहेर दोघं जण दबा धरून आहेत. रंगवणाऱ्या हाताने रक्ताला जेवढं महत्त्व दिलं तेवढंच ग्रामोफोनला दिलं आहे. तिथला अस्वस्थपणा या समदृष्टीत आहे.

भाववृत्तीबद्दल बोलायला आपल्या भाषेत चांगली अवजारं आहेत आणि ती अशा चित्रांपाशी फारशी कुणी वापरत नाही, याची मला खंत वाटते. रसविचारात भयाला कारण लागतं, त्याला विभाव म्हणतात. अंधारं रान, हिंस्र श्वापद, शत्रू. त्या भयाची शरीरावर उमटणारी खूण म्हणजे अनुभाव. थरकाप, घाम, घशाला कोरड. अंगावरचे केस उभे राहणं, म्हणजे रोमांच, हा तर आठ सात्त्विक भावांतला एक. अतिवास्तववादी चित्रकार नेमकं काय करतात हे मला या शब्दांतून जितकं कळलं तितकं कुठल्या पाटीवरून कळलं नाही. ते अनुभाव ठेवतात आणि विभाव काढून घेतात. शरीराला भीती कळलेली असते आणि भिण्याजोगं समोर काही नसतं.

डोरोथिया टॅनिंग या अमेरिकन चित्रकर्तीचं १९४३ सालचं 'आइने क्लाइने नाख्टम्युझिक' (म्हणजे 'छोटंसं रात्रसंगीत') पाहताना हे अक्षरशः डोळ्यांसमोर येतं. लंडनच्या टेट संग्रहालयातलं हे चित्र फार मोठं नाही, साधारण ४१ बाय ६१ सेंटीमीटर. एखाद्या हॉटेलात असावा तसा वरच्या मजल्यावरचा बोळ. लाल गालिचा. एका ओळीत बंद दारं, शेवटचं तेवढं किलकिलं, त्यातून पिवळा उजेड येतोय. जिन्याच्या तोंडाशी एक प्रचंड मोठं, देठ तुटलेलं सूर्यफूल पडलंय. आणि तिथे एक मुलगी उभी आहे, फाटक्या कपड्यांतली, जिचे लांब केस सरळ वर उडाले आहेत. वाऱ्याने उडावेत तसे. पण बोळात वारा नाही. गालिचा जागचा हललेला नाही, फुलाच्या पाकळ्या भिरभिरत नाहीत. रोमांच आहे, तोही एवढा की डोक्यावरचे सगळे केस छताकडे गेलेत, आणि कारण म्हणून समोर पडलंय ते एक फूल.

तिच्याजवळ दाराच्या चौकटीला टेकून दुसरी मुलगी आहे. तिचे डोळे मिटलेले, कपडे तसेच फाटके, छाती उघडी, हातात सूर्यफुलाची एक पाकळी. मी तिला कितीतरी वेळ दुसरी मुलगीच समजत होतो. दमून टेकलेली, किंवा जे काही झालं ते झाल्यानंतरची. मग कधीतरी तिच्या कपाळावरची केसांची कड नजरेत आली. ती फारच रेखीव आहे. छातीचा आकारही साच्यातून काढल्यासारखा आहे. ती बाहुली आहे. माणसाएवढी बाहुली. हे कळलं त्या क्षणी सबंध चित्र माझ्याखालून सरकलं, कारण लगेच पुढचा प्रश्न आला: मग जिचे केस उभे आहेत ती तरी?

मला नेमकं सांगायचंय ते इथेच आहे. या चित्राशेजारी 'उजवीकडची आकृती बाहुली आहे' असं लिहिलेलं मी आधी वाचलं असतं तर मला एक खरी माहिती मिळाली असती आणि चित्रातला तो सर्वांत मोलाचा धक्का कायमचा गेला असता. टॅनिंगने ते बाहुलीपण लपवून ठेवलंय ते कुणाची फजिती करायला नाही. आधी माणूस समजून माया करावी आणि मग ती माया निर्जीव वस्तूवर केली हे कळावं, एवढा प्रवास तिला आपल्याकडून करून घ्यायचा आहे. तो प्रवास हाच त्या चित्राच्या अर्थाचा मोठा भाग आहे. पाटी आपल्याला थेट मुक्कामावर उतरवते.

एर्न्स्ट येंट्श नावाच्या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने १९०६ सालीच म्हटलं होतं की समोरची वस्तू जिवंत आहे की निर्जीव हे न ठरवता येणं, हा या विशिष्ट भयाचा उगम आहे. १९१९ मध्ये मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइडने त्यावर सविस्तर निबंध लिहिला आणि वेगळा मुद्दा मांडला: आपल्याला शहारा आणतं ते परकं नसतंच, ते कधीकाळचं आपल्या ओळखीचं असतं, दडपून टाकलेलं आणि आता परत आलेलं. त्यासाठी त्याने वापरलेल्या जर्मन शब्दाच्या पोटात 'घर' आहे. म्हणून या चित्रांतल्या जागा कायम खोल्या, जिने, बोळ, रस्ते अशा असतात. राक्षसाची गुहा क्वचितच सापडते. १९२४ मध्ये अतिवास्तववादाचा जाहीरनामा लिहिणाऱ्या आंद्रे ब्रेतोंचा फ्रॉइडवर फार जीव होता. पण मला वाटतं, त्या जिव्हाळ्याने एक नुकसानही केलं. चित्र म्हणजे स्वप्न आणि स्वप्न म्हणजे उकलायची सांकेतिक लिपी, ही सवय आपल्याला तिथून लागली. ड्रॉवर म्हणजे हे, मुंग्या म्हणजे ते. साल्व्हादोर दाली या स्पॅनिश अतिवास्तववाद्याच्या चित्रांसमोर अनेकांचा वेळ शब्दकोडं सोडवण्यात जातो, आणि कोडं सुटलं की चित्रात राहावंसं वाटत नाही.

चरित्रातून चित्र वाचण्याचा हट्ट कुठवर जातो, याचं मला सर्वांत दुःखद वाटणारं उदाहरण झ्जिस्वाव बेक्शिन्स्की या पोलिश चित्रकाराचं आहे. तो ब्रेतोंच्या मंडळातला नव्हे, नंतरच्या पिढीतला, पण अस्वस्थ चित्रं म्हटलं की आज असंख्य लोकांच्या डोळ्यांसमोर त्याचीच चित्रं येतात. १९९८ मध्ये त्याची पत्नी गेली, १९९९ मध्ये मुलाने आत्महत्या केली, २००५ मध्ये वॉर्सातल्या राहत्या घरी त्याचा खून झाला. हा तपशील त्याच्या चित्रांखाली इतक्या वेळा छापला जातो की वाचणाऱ्याला वाटावं, हे सगळं भोगून त्याने ते जळते प्रदेश आणि त्या अस्थिपंजर आकृत्या रंगवल्या. प्रत्यक्षात त्याची ती प्रसिद्ध चित्रं मुख्यतः साठच्या दशकाच्या उत्तरार्धापासून ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंतची आहेत. दुःखं नंतरची, चित्रं आधीची. चित्रकाराच्या मरणाने त्याच्या चित्रांना मागाहून काळं पांघरूण घातलं आणि आपण त्या पांघरुणालाच अर्थ म्हणू लागलो.

बेक्शिन्स्की आपल्या चित्रांना नावंसुद्धा देत नसे. स्वप्नांची छायाचित्रं काढावीत तसं रंगवायचंय, अशी त्याची भूमिका होती, आणि लोक त्यांत अर्थ शोधतात हे त्याला रुचत नसे. त्याच्या १९८४ सालच्या एका चित्रात मांस जवळजवळ आटून गेलेले दोन देह एकमेकांना मिठी मारून आहेत, इतकी घट्ट की एकाचं शरीर कुठे संपतं आणि दुसऱ्याचं कुठे सुरू होतं ते कळू नये. ते चित्र 'मृत्यूचं चित्र' म्हणून दाखवलं जातं. तुम्ही ते शांतपणे पाहा. त्या मिठीत जेवढी माया आहे तेवढी भल्याभल्या प्रेमचित्रांत सापडणार नाही. सगळं झडून गेल्यावर मिठी तेवढी उरली आहे. बीभत्स आणि करुण इतके एकजीव झालेत की एकाला बाजूला काढलं तर दुसरा मरेल. 'बिचाऱ्याचं आयुष्यच तसं होतं' असं म्हणणाऱ्याला ही मिठी दिसत नाही, कारण त्याला ती पाहण्याची गरजच उरलेली नसते.

मी माहितीच्या विरोधात आहे असा याचा अर्थ कुणी काढू नये. काही माहितीने चित्र खोल होतं. माक्स अर्न्स्टचं १९३७ सालचं 'घरचा देवदूत' पाहा. सपाट माळावर रंगीबेरंगी चिंध्यांचा एक अवाढव्य प्राणी हातपाय फेकत उसळी मारतोय. नावातल्या शब्दांनी आपण आधीच चकलेले असतो. मग कळतं की स्पेनमध्ये तेव्हा यादवी युद्ध पेटलं होतं, अर्न्स्टच्या मायदेशात, जर्मनीत, नाझी सत्तेवर होते आणि त्याच वर्षी म्युनिकमध्ये त्यांनी 'अधोगत कला' म्हणून जी चित्रं टिंगलीसाठी टांगली त्यांत अर्न्स्टचंही काम होतं. हे कळल्यावर मी चित्राकडे परत गेलो तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की तो प्राणी रागावलेला नाहीच. तो आनंदात आहे. तो नाचतोय. सगळं तुडवत येणाऱ्या सत्तेचा हा उल्हास मला आधी दिसला नव्हता, इतिहासाने तो दाखवला.

दालीच्या वितळत्या घड्याळांचंही तसंच. १९३१ सालचं ते चित्र प्रत्यक्षात जेमतेम २४ बाय ३३ सेंटीमीटरचं आहे, वहीच्या पानाएवढं. त्या घड्याळांमध्ये आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद आहे असं लोक म्हणत राहिले. दाली म्हणाला, ती कल्पना उन्हात पाघळणाऱ्या कामाम्बेर चीजवरून आली. चीज हा अर्थ नाही, पोत आहे. ते ऐकल्यावर घड्याळ बोटाला लागतं, मऊ, कोमट, किंचित किळसवाणं, आणि आपण पुन्हा चित्रात असतो. सापेक्षतावाद ऐकल्यावर आपण मान डोलावतो आणि पुढच्या चित्राकडे जातो.

माझी कसोटी तीच आहे. खुलासा वाचून पाऊल चित्राकडे वळलं की दाराकडे?

या सगळ्यावर एक आक्षेप आहे आणि तो मला मनापासून गंभीर वाटतो. संग्रहालयात येणारा प्रत्येक जण घरी कलेची पुस्तकं वाचून येत नाही. ज्याने असं चित्र आयुष्यात प्रथमच पाहिलं, त्याला पाटी हा एकमेव आधार असतो. ती काढून घेतली की चित्रकला पुन्हा जाणकारांच्या मक्त्याची होणार. ज्यांना आधीच कळतं त्यांना कळेल, बाकीचे 'हे आपल्यासाठी नाही' म्हणत ओशाळून निघून जातील. पाट्या लिहिणाऱ्यांपैकी कित्येकांनी हे काम याच कळकळीने केलं आहे, आणि ती कळकळ खरी आहे.

पण ओशाळं करतं कोण, याचा विचार व्हावा. अस्वस्थ चित्रासमोर नवखा माणूस रिकाम्या हाताने उभा नसतो. त्याला काहीतरी झालेलं असतं. पोटात खड्डा पडतो, नजर एका कोपऱ्याकडे पुन्हापुन्हा ओढली जाते, हसू येतं आणि ते का आलं ते कळत नाही. त्याच्याकडे असलेला हा पहिला पुरावा आहे आणि तो जाणकाराच्या पुराव्याइतकाच सच्चा आहे; उलट कधीकधी जाणकाराचा बोथट झालेला असतो. पाटी त्याला सांगते, तुला जे झालं ते बाजूला ठेव, खरी गोष्ट ही आहे. त्या घडीला तो स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास सोडतो, आणि एकदा सोडला की पुढच्या दालनात आधी पाटी शोधतो. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या एका पाहणीत असं आढळलं होतं की लोक एका कलाकृतीसमोर सरासरी २७ सेकंद थांबतात, आणि निम्म्या वेळा तर १७ सेकंद किंवा त्याहूनही कमी. सतरा सेकंदांत बाहुली सापडत नाही. हात नाहीत हे कळत नाही. सतरा सेकंदांत पाटी मात्र सहज वाचून होते.

शाळेतला प्रश्न 'या चित्रातून चित्रकाराला काय सांगायचे आहे?' हा याच जातीचा आहे. चित्रकाराला काही सांगायचं असतं तर त्याने पत्र लिहिलं असतं. मुलांना विचारावं, चित्रात तुम्हाला कुठे थांबावंसं वाटलं, कुठे बघवलं नाही, आणि तिथे चित्रकाराने काय केलंय. यातल्या शेवटच्या प्रश्नाला बरोबर आणि चूक उत्तरं असतात, त्यामुळे ज्यांना गुण द्यायचे असतात त्यांचीही अडचण होऊ नये. चित्राचा फोटो काढून फोनला त्याचा अर्थ विचारणाऱ्यालाही मी हेच सांगेन. विचार, पण आधी आपल्याला काय झालं ते स्वतःच्या शब्दांत लिहून काढ. मग येणाऱ्या उत्तराला तुझ्या त्या दोन ओळींपुढे उभं राहावं लागेल.

टॅनिंगने स्वतः पुढे कितीतरी वर्षांनी आपल्या त्या चित्राबद्दल लिहिलं. ते कशाला तरी सामोरं जाण्याबद्दल आहे, असं तिचं म्हणणं होतं. प्रत्येकाच्या वाट्याला महाकाय सूर्यफूल येत नसलं तरी जिने आणि बोळ सगळ्यांच्या आयुष्यात असतात. त्या ओळींत तिने ना कुणाचं नाव घेतलं, ना फूल म्हणजे काय ते सांगितलं. मला ते मोठेपणाचं वाटलं. दालनाच्या दुसऱ्या टोकाला जो खुलासा ठेवायचा त्यात तिचं हे म्हणणं ठेवावं. मोझार्टने १७८७ मध्ये याच नावाची एक प्रसन्न संगीतरचना केली होती हेही ठेवावं, म्हणजे वाचणारा परत येऊन विचारेल की या बोळात संगीत कुठे आहे. आणि चित्राशेजारी फक्त नाव, साल, कॅनव्हासवर तैलरंग. समोर बसायला एक बाक.

त्या बाकावर बसून मी अलीकडे काय पाहिलं असतं ते सांगतो, कारण छापील प्रतीतही मला ते दिसलं. जिन्याच्या खालच्या पायऱ्यांवर सूर्यफुलाच्या दोन पाकळ्या पडल्या आहेत, म्हणजे ते फूल खालून वर आलंय. तिसरी पाकळी बाहुलीच्या हातात आहे. बाहुली वाकून पाकळी उचलत नाही. ती तिच्या बोटांत कुणीतरी ठेवली असणार, आणि बोळात केस उभे राहिलेल्या त्या मुलीशिवाय दुसरं कुणी नाही. निदान त्या किलकिल्या दाराच्या अलीकडे तरी.